गोचीड चावून गेली, थकवा मागे राहिला

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत आज बरीच मराठी कुटुंबे राहतात. घरामागची हिरवळ, तिच्यापलीकडची झाडी आणि संध्याकाळी अंगणात येणारी हरणे यांचे फोटो इकडच्या आजी-आजोबांच्या मोबाइलवर कौतुकाने येत असतात. कधी कधी मात्र तिकडून एखाद्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट येतो आणि त्यासोबत एक प्रश्न. "डॉक्टर, आमच्या पुतणीला वर्षभर थकवा आहे, सांधे दुखतात, काही लक्षात राहत नाही. कोणी म्हणते क्रॉनिक लाइम आहे, काही महिने शिरेतून अँटिबायोटिक घ्यावे लागेल. तिचे फॅमिली डॉक्टर म्हणतात, त्याची गरज नाही. ऐकायचे कोणाचे?"

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गेली तीसेक वर्षे अमेरिकेत या विषयावर डॉक्टर, रुग्णांच्या संघटना आणि राजकारणी यांच्यात वाद चालू आहे. या वादात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात. रुग्णाचा त्रास खरा आहे का, ही एक. त्या त्रासावर आणखी प्रतिजैविके हा उपाय आहे का, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' आहे, म्हणून दुसऱ्याचेही 'हो' असेलच असे नाही. एवढे समजले तर अनेक कुटुंबांचा पैसा वाचेल आणि काहींचा जीवही.

आजार काय आहे?

लाइम या नावाचा लिंबाशी संबंध नाही. ते कनेक्टिकट राज्यातल्या एका लहान गावाचे नाव आहे. १९७५च्या सुमारास या गावात आणि शेजारच्या वस्त्यांत मुलांचे गुडघे सुजण्याचे प्रमाण विलक्षण वाढले. डॉक्टर त्याला लहान मुलांचा संधिवात म्हणत होते. पण एकाच रस्त्यावरच्या इतक्या मुलांना एकाच वेळी संधिवात कसा होईल, असा प्रश्न तिथल्या दोन मातांना पडला आणि त्यांनी आरोग्य खात्याकडे पाठपुरावा केला. पॉली मरे हे त्यांपैकी एकीचे नाव. येल विद्यापीठातील डॉ. अॅलन स्टीअर आणि सहकाऱ्यांनी ५१ रुग्णांचा अभ्यास करून १९७७ मध्ये या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाला गोचिडीच्या पोटात मळसूत्रासारखे वेटोळे असलेले जिवाणू सापडले आणि १९८२ मध्ये कारण जगासमोर आले. त्या जिवाणूला त्यांचेच नाव मिळाले, बोरेलिया बर्गडॉर्फेरी.

हा जिवाणू तिथल्या रानउंदरांच्या अंगात राहतो. उंदराचे रक्त पिणाऱ्या गोचिडीच्या पिल्लात तो शिरतो आणि हेच पिल्लू पुढे माणसाला चावते. मोठ्या गोचिडी हरणांवर पोसल्या जातात, म्हणून हरणे वाढली की गोचिडी वाढतात. पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते आणि चावलेले दुखत नाही. त्यामुळे अनेक रुग्णांना गोचीड चावल्याचे आठवतच नाही. मे ते जुलै हा या पिल्लांचा मुख्य काळ. म्हणजे आपल्याकडचे पालक मुलांकडे जातात नेमका तोच. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइमचे निदान करून उपचार होतात, असा तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेचा अंदाज आहे. युरोपातही हा आजार आहे. माणसाकडून माणसाला तो होत नाही.

चट्टा दिसला तर तपासणीची वाट पाहू नये

चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत, बहुधा आठवडाभरात, त्या जागी लाल चट्टा उठतो आणि तो हळूहळू पसरत जातो. तो सहसा पाच सेंटिमीटरपेक्षा मोठा असतो, फारसा खाजत नाही, दुखत नाही. पुस्तकात दाखवतात तसा नेमबाजीच्या चक्रासारखा, म्हणजे मध्ये ठिपका, भोवती फिकी कडा आणि बाहेर लाल वर्तुळ, असा तो असेलच असे नाही. बहुतेक वेळा तो सगळाच लाल असतो. आपल्या सावळ्या त्वचेवर तर तो लालसरही न दिसता तपकिरी किंवा जांभळट दिसू शकतो. काखेत, जांघेत किंवा गुडघ्यामागे असला तर लक्षही जात नाही. इकडे परतल्यावर असा चट्टा दिसला की नायटा समजून मलम लावले जाण्याचा संभव असतो. म्हणून आपण कुठून आणि कधी परतलो, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.

या टप्प्यावर उपचार सोपा आणि स्वस्त आहे. डॉक्सिसायक्लिन १० दिवस, किंवा अमॉक्सिसिलिन १४ दिवस. आजार पुढे सरकला तर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, हृदयाचे ठोके मंदावणे, मेंदूच्या आवरणाला सूज येणे असे प्रकार होतात. त्यावर २ ते ३ आठवडे उपचार करतात. काही महिन्यांनी मोठा सांधा, बहुधा गुडघा, सुजतो. त्यासाठी २८ दिवसांचा कोर्स देतात आणि सूज पूर्ण उतरली नाही तर दुसऱ्या कोर्सचा विचार करतात. बहुसंख्य रुग्ण या उपचारांनी पूर्ण बरे होतात.

रिपोर्टमधला 'पॉझिटिव्ह' काय सांगतो?

रक्ताची तपासणी जिवाणू शोधत नाही. जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी ती शोधते. यातून दोन अडचणी येतात. पहिल्या काही आठवड्यांत अँटिबॉडी पुरेशा तयार झालेल्या नसतात, त्यामुळे आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. उलट, पूर्ण बरे झाल्यावरही अँटिबॉडी काही वर्षे रक्तात राहतात, त्यामुळे आजार नसतानाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. कांजिण्या लहानपणी होऊन गेल्या तरी त्यांच्या अँटिबॉडी म्हातारपणी सापडतात, तसेच हे आहे. म्हणून उपचारानंतर 'जंतू गेले का' हे पाहण्यासाठी ही तपासणी पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नसतो.

दुसरे म्हणजे ही तपासणी दोन टप्प्यांची असते. पहिली पॉझिटिव्ह आली तरच दुसरी करायची आणि दोन्ही पॉझिटिव्ह आल्या तरच रिपोर्ट ग्राह्य धरायचा. त्यातही आयजीएम प्रकारची अँटिबॉडी आजाराच्या पहिल्या महिन्यापलीकडे विचारात घ्यायची नसते, कारण ती फसवी असते. वर्षभर थकलेल्या माणसाच्या रिपोर्टवर फक्त आयजीएम पॉझिटिव्ह असेल, तर त्यावरून लाइमचे निदान होत नाही.

एका नावाखाली चार वेगळे रुग्ण

'क्रॉनिक लाइम' हा शब्द जितका वापरात आहे, तितका त्याचा अर्थ ठरलेला नाही. हे नाव घेऊन येणाऱ्यांचे साधारण चार गट पडतात.

पहिल्या गटात थकवा, अंगदुखी, विसरभोळेपणा असतो, पण लाइम झाल्याचा कोणताही पुरावा नसतो. दुसऱ्या गटात त्रासामागे भलताच ओळखीचा आजार असतो. कोणाला संधिवात, कोणाला थायरॉइडचा विकार, कोणाला नैराश्य, कोणाला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास. तिसऱ्या गटात रक्तात अँटिबॉडी असतात, पण लाइमची खास लक्षणे कधीच दिसलेली नसतात. चौथ्या गटाला लाइम खरोखर झालेला असतो, योग्य उपचारही झालेला असतो, तरी त्रास राहतो.

या चौथ्या गटाच्या स्थितीला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, उपचारोत्तर लाइम लक्षणसमूह. उपचार झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ५ ते १० टक्के लोकांमध्ये तो आढळतो, असे सीडीसी सांगते. सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा, अंगदुखी आणि डोके जड होऊन काही न सुचणे ही त्याची मुख्य लक्षणे.

चारही गटांतल्या माणसांना त्रास आहे. पण चौघांचा उपचार एक असू शकत नाही. दुसऱ्या गटातल्या रुग्णाला 'क्रॉनिक लाइम' म्हणून प्रतिजैविके देत राहिलो, तर त्याचा मूळ आजार उपचाराविना वाढत राहतो. चुकीच्या नावाचे हे सर्वांत मोठे नुकसान.

लांबलचक प्रतिजैविकांनी फरक पडतो का?

हा प्रश्न अंदाजाने सोडवलेला नाही. त्यावर नीट प्रयोग झाले आहेत. २००१ मध्ये अमेरिकेत १२९ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लाइमच्या उपचारानंतरही त्रास राहिलेले हे रुग्ण होते. निम्म्यांना महिनाभर शिरेतून सेफ्ट्रिअॅक्सोन आणि पुढे दोन महिने डॉक्सिसायक्लिन दिले. उरलेल्यांना तितकेच दिवस, दिसायला तशीच, पण औषध नसलेली मात्रा दिली. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांना माहीत नव्हते. शेवटी दोन्ही गटांत बरे वाटणाऱ्यांचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले.

२००३च्या एका लहान अभ्यासात प्रतिजैविकांनी थकवा काहीसा कमी झालेला दिसला, पण स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग यांत फरक पडला नाही. शिवाय शिरेतल्या नळीमुळे काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले, त्यामुळे हा उपचार योग्य नाही असे त्या संशोधकांनीच म्हटले. २००८च्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या उपचारानंतर बौद्धिक कामगिरीत थोडी सुधारणा दिसली, पण औषध थांबल्यावर ती टिकली नाही. २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये २८० रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. सर्वांना आधी दोन आठवडे इंजेक्शने दिली, मग तिघांपैकी दोन गटांना बारा आठवडे प्रतिजैविके आणि एका गटाला औषध नसलेल्या गोळ्या. इथेही तिन्ही गटांत फरक आढळला नाही.

"फरक नाही पडला तरी बिघडले काय?" असे कोणी म्हणेल. बिघडते. महिनोन् महिने शिरेत ठेवलेली नळी हा जंतूंना रक्तात शिरायचा उघडा दरवाजा असतो. अमेरिकेत एका तीस वर्षांच्या स्त्रीला लाइमसाठी २७ महिने शिरेतून प्रतिजैविक दिले गेले. नळीच्या टोकाशी बुरशीचा संसर्ग झालेली रक्ताची गाठ तयार झाली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. न्यू जर्सीत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, लाइमच्या संशयावरून सेफ्ट्रिअॅक्सोन घेतलेल्या काही रुग्णांना पित्ताशयाचे विकार झाले आणि काहींचे पित्ताशय काढावे लागले. २०१७ मध्ये सीडीसीने अशा उपचारांतून उद्भवलेल्या गंभीर संसर्गांची उदाहरणे पुन्हा जाहीर केली. आतड्यांचा जीवघेणा जुलाब आणि औषधांना दाद न देणारे जंतू यांचा धोका वेगळाच.

या वादात न्यायालयीन डावपेचही झाले. संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा त्या बनवणाऱ्यांच्या हितसंबंधांची चौकशी कनेक्टिकटच्या महाधिवक्त्यांनी केली. २००८ मध्ये तडजोड झाली आणि सूचना तपासायला वेगळे मंडळ नेमले गेले. २०१० मध्ये त्या मंडळाने मूळ शिफारशी कायम ठेवल्या. २०२०च्या नव्या सूचनाही हेच सांगतात : लाइमचा पुरेसा उपचार झालेल्या माणसाला नुसता थकवा, अंगदुखी असेल आणि चालू संसर्गाची ठोस खूण नसेल, तर आणखी प्रतिजैविके देऊ नयेत.

मग थकवा राहतो कशाने?

चिकुनगुनिया झालेल्या घराला हा प्रश्न नवा नाही. ताप पाच दिवसांत उतरतो, विषाणू रक्तातून जातो, पण सकाळी मूठ वळत नाही, जिना उतरताना घोटे ठणकतात आणि हे महिनोन् महिने चालते. कोविडनंतरही अनेकांनी असा थकवा अनुभवला. आग विझली तरी भिंती तापलेल्या राहतात, तसे काहीसे हे असते. संसर्ग संपतो, पण त्याने जागी केलेली प्रतिकारयंत्रणा आणि मज्जासंस्था लगेच शांत होत नाही. नेमके काय घडते यावर संशोधन चालू आहे.

या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावचा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तीन अगदी वेगवेगळ्या संसर्गांनंतर २५३ रुग्णांवर लक्ष ठेवले गेले. त्यांतला एक होता रॉस रिव्हर विषाणू, जो चिकुनगुनियाचा नातेवाईक आहे. संसर्ग कोणताही असो, सहा महिन्यांनी साधारण १२ टक्के लोकांमध्ये सारखाच थकवा शिल्लक होता. तो कोणाला राहील, हे मूळ आजार किती तीव्र होता यावर अवलंबून होते. रुग्णाचा स्वभाव हळवा आहे की खंबीर, यावर नव्हे. म्हणून अशा रुग्णाला 'मनावर घेऊ नकोस' असे सांगणे शास्त्राला धरून नाही.

फॅमिली डॉक्टरचे काम इथेच सुरू होते

"तुमचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेले नाही." या वाक्यानंतर रुग्ण उठतो आणि जो कोणी 'तुम्हाला आजार आहे' असे म्हणेल त्याच्याकडे जातो. महागड्या आणि निरुपयोगी उपचारांचा बाजार याच वाक्यावर चालतो. म्हणून 'प्रतिजैविक नको' एवढे सांगून डॉक्टरचे काम संपत नाही. रिपोर्ट नॉर्मल असणे म्हणजे त्रास खोटा असणे नव्हे, हे रुग्णासमोर बोलून दाखवावे लागते.

पहिल्या भेटीत वेळ देऊन सगळी हकीकत ऐकावी. चट्टा होता का, तो कोणी पाहिला, कोणते औषध किती दिवस घेतले, मूळ रिपोर्ट काय होता. मग अंगाची पूर्ण तपासणी आणि मोजक्याच चाचण्या : हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, मूत्रपिंड आणि यकृत, बी-१२ जीवनसत्त्व. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते आणि तिचीही लक्षणे थकवा, मुंग्या, विसरणे हीच. घोरणे, रात्री दचकून उठणे, दिवसा पेंगणे विचारावे. मनाची उदासी विचारावी, पण आरोपीची उलटतपासणी घेतल्यासारखी नव्हे. नैराश्य हे दीर्घ आजारपणाचे कारणही असू शकते आणि परिणामही. दोन्ही वेळा त्याचा उपचार होतो.

पुढचा उपचार लक्षणांचा असतो. झोपेची वेळ सांभाळणे, दुखण्यावर कमी मात्रेतली योग्य औषधे, फिजिओथेरपी, गरज असेल तर समुपदेशन. सर्वांत उपयोगी ठरते ती शक्तीची काटकसर. एखाद्या दिवशी बरे वाटले की रुग्ण आठवड्याची तुंबलेली कामे उरकतो आणि पुढचे चार दिवस अंथरुणात काढतो. त्यापेक्षा चांगल्या दिवशीही हात राखून काम करावे, मध्ये विसावा घ्यावा आणि चालणे थोडे थोडे वाढवावे. श्रमानंतर त्रास दुणावत असेल तर वाढवू नये. दर चार-सहा आठवड्यांनी ठरलेली भेट ठेवावी, म्हणजे त्रास वाढला तरच डॉक्टरकडे जायचे असे होत नाही. बहुतेकांना हळूहळू आराम पडतो, पण त्याला महिने लागतात, हे आधीच सांगितलेले बरे.

मात्र सांध्याला प्रत्यक्ष सूज, चेहरा वाकडा होणे, छातीत धडधड किंवा चक्कर येऊन पडणे, नवा ताप, वजन घटणे यांपैकी काहीही झाले तर 'जुनाच त्रास' म्हणून बसू नये. तो दिवस नव्याने तपासणीचा.

घरच्यांनी आणि प्रवाशांनी लक्षात ठेवायचे

घरच्यांनी रुग्णाला आळशी म्हणू नये आणि सगळी कामे काढूनही घेऊ नयेत. इंटरनेटवर 'शंभर टक्के बरे' असे सांगणारे पॅकेज दिसले तर तीन प्रश्न विचारावेत : निदान कशावरून केले, उपचार कधी थांबणार, आणि फरक पडला नाही तर पुढे काय? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर पैसे भरू नयेत.

भारतात लाइमच्या तुरळक नोंदी आहेत, पण तो आपल्याकडचा नेहमीचा आजार नाही. कधी परदेशी न गेलेल्या माणसाचा लाइमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर तो चुकीचा असण्याचीच शक्यता जास्त. आपल्याकडे गोचिडीमुळे होणारा माकडताप सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात आणि गोव्यात सत्तरी तालुक्यात दिसतो. किड्याच्या बारीक पिल्लांमुळे होणारा स्क्रब टायफस विदर्भात आढळतो. तापात या आजारांचा विचार आधी व्हायला हवा.

अमेरिकेत उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी काळजी साधी आहे. गवतात, झाडीत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पँट मोज्यांत खोचावी, कीटक दूर ठेवणारे मलम लावावे. घरी आल्यावर अंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा, कानामागे आणि नातवंडांच्या केसांत नीट पाहावे. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. तिच्यावर रॉकेल, तेल ओतू नये, काडीने चटका देऊ नये. जिवाणू अंगात जायला गोचीड बहुधा २४ ते ३६ तासांहून अधिक काळ चिकटलेली असावी लागते, त्यामुळे रोज संध्याकाळी घातलेली पाच मिनिटे खरोखर आजार टाळतात. ती बराच वेळ चिकटलेली होती असे वाटले तर ७२ तासांच्या आत तिथल्या डॉक्टरांना भेटावे. काही वेळा डॉक्सिसायक्लिनची एकच मात्रा पुरते.

आणि कोणाला लाइम होऊन गेल्यावर थकवा राहिलाच, तर त्याने एकच फॅमिली डॉक्टर धरून राहावे. त्या डॉक्टरनेही त्याला सोडू नये.